जुने नियम जसेच्या तसे

बाबांना मेल करायला ताईनेच शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तीन रविवार त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि चौथ्या रविवारी त्यांनीच तिला हाकलून दिलं. "मानेवर श्वास सोडू नकोस," म्हणाले, "माझं मला जमेल."

ताई पाणीपुरवठा खात्यात सर्व्हर सांभाळायची. खात्यात तिला सगळे सिस्टीमबाई म्हणत, आणि ती समोरून आली की आपापल्या संगणकाची गाऱ्हाणी आठवत. खात्याने भंगारात काढलेला एक जाडजूड संगणक तिने घरी आणला, त्यावर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स घातलं, मेलचा प्रोग्राम बसवला आणि बाबांचं खातं जोडून दिलं. अक्षर मोठं केलं, नको ती बटणं लपवली. बाबा एका बोटाने टाइप करत. जोडाक्षर आलं की अडत, कीबोर्डला नाक लावत, आणि सापडलं की चोर पकडल्यासारखं "हां" म्हणत.

हा सगळा खटाटोप धाकट्यासाठी होता. धाकटा भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत होता. घरात तो बाळ्या, बाहेर त्याच्या नावाआधी डॉक्टर लागायचं. समुद्राच्या तळाशी यंत्रं सोडायला तो बोटीवर जायचा आणि एकदा गेला की पाच-सहा महिने उगवायचा नाही. "तिकडे फोन लागत नाही," निघताना त्याने सांगितलं होतं, "मेल करत जा. मेल रोज येतात."

त्याच फेरीत बाबांच्या हृदयाची एक झडप बिघडली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करण्यात धोका आहे, न करण्यात जास्त आहे, पण ठरवा लवकर. ताई म्हणाली, करू या. आई म्हणाली, ताई म्हणते तसं करू या. बाबांनी मात्र सही करायचं कागदपत्र उशाखाली ठेवलं. "बाळ्याला विचारलंय. तो शिकलेला आहे. त्याचं उत्तर येऊ दे, मग सही करतो."

ताई कामावरून आली, की चपला काढायच्या आत पहिला प्रश्न, "आलं का गं?" ती संगणक बघायची आणि म्हणायची, "नाही अजून." तिने स्वतःही मेल केले, एकाहून एक निकराचे. उत्तर आलं नाही. मग एका सकाळी दाढीचा साबण गालावर तसाच असताना बाबा आरशासमोर खाली बसले, ते बसलेच.

धाकटा बोट बंदराला लागल्यावर आला, बाबांना जाऊन महिना उलटला होता. आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. आणि मग डोळे पुसत म्हणाला, "एकही मेल पोचला नाही मला. ताई, तू खातं नीट जोडलं होतंस ना?"

एवढंच म्हणाला. आवाजात राग नव्हता, ठपका नव्हता. पण काटा पायात मोडावा तसं ते वाक्य ताईच्या आत मोडून राहिलं. त्या वर्षात तिने बाबांचा संगणक किती वेळा उघडला असेल याला गणती नाही. जाणाऱ्या मेलचा सर्व्हर बरोबर होता. पोर्ट, म्हणजे मेल आत-बाहेर जायचं दार, बरोबर होता. पाठवलेल्या मेलच्या नोंदी स्वच्छ होत्या, परत फिरून आलेला एकही मेल नव्हता. सगळं बरोबर, तरी मेल पोचला नाही, म्हणजे आपल्याला दिसत नाही असं काहीतरी आपल्याच हातून राहिलं. खात्यात दुसऱ्या कुणाची अशी तक्रार आली असती तर ती म्हणाली असती, दोष पलीकडच्या बाजूला शोधा. पण पलीकडे धाकटा होता, आणि तो तर म्हणत होता पोचलं नाही.

एकदा जिन्यात आई शेजारणीशी बोलताना तिने ऐकलं. "ऑपरेशन झालं असतं हो. पण हिने जोडलेलं ते यंत्र ऐन वेळेला बिघडलं." आईने ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, पाऊसपाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं होतं. ताई तशीच दोन पायऱ्या मागे उतरली आणि आई घरात जाईपर्यंत खाली उभी राहिली.

वर्षाने धाकटा दोन महिन्यांची रजा काढून घरी आला. त्याला एक शोधनिबंध लिहायचा होता आणि आईच्या हातचं खायचं होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉप काखेत मारून ताईच्या खोलीत आला.

"ताई, तुझ्या खात्यातलं काम आहे."

काम असं होतं : संस्थेचा ब्राउझरमधला मेल महिनाअखेर बंद होणार होता. यापुढे प्रत्येकाने आपापल्या संगणकावर प्रोग्राम बसवायचा आणि त्यातूनच मेल घ्यायचे. मोबाईलवर मेल घ्यायला संस्थेची आधीपासूनच बंदी होती. धाकट्याच्या लॅपटॉपवर लिनक्सच होतं, त्याची भूकंपाची गणितं त्यावरच चालत. पण मेल जोडणं हे त्याच्या लेखी नळाचा वॉशर बदलण्यासारखं काम होतं. महत्त्वाचं असेल, पण आपण करायचं नव्हे.

"घाई आहे का?" ताईने विचारलं.

"आहे म्हणजे काय." तो पलंगावर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आईला आत्ता सांगू नकोस. मोठ्या विद्यापीठात विभागप्रमुखाची जागा आहे. मुलाखत झाली. निवड समितीचे सचिव म्हणाले, तुमचंच नक्की धरा, पत्र मेलने येईल, त्याला उलट होकार पाठवा की झालं." त्याने सचिवांचा आधीचा मेल उघडून दाखवला. "ह्या पत्त्यावरून येईल. ही संधी पुन्हा यायची नाही. बोटीवरची वणवण संपेल माझी."

"बरं," ताई म्हणाली. तिला खरोखर बरं वाटलं होतं. तोपर्यंत तिच्या मनात काहीही नव्हतं, हे सांगायला हवं.

"आणि हे बघ, जुन्या मेलात मी काही नियम लावून ठेवलेत. परिषदांचे मेल एका फोल्डरात, यंत्रांचे अहवाल दुसऱ्यात, असं. ते इकडे आण. जसेच्या तसे आण, नाहीतर माझा इनबॉक्स म्हणजे मासळीबाजार होतो." त्याने पासवर्ड टाकून दिला, आणि आईला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेला.

ताईने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर घेतला, टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघडलं, एका ओळीत प्रोग्राम मागवला. तो आला, बसला, पण आवृत्ती जुनी निघाली आणि संस्थेच्या सर्व्हरने तिला दारातच अडवलं. ताईने ती काढून टाकली, दुसरीकडून नवी आणली. येणाऱ्या मेलचा सर्व्हर, जाणाऱ्या मेलचा सर्व्हर, दोन्हींचे पोर्ट, संस्थेची ओळख पटवणारं सर्टिफिकेट. खातं जोडलं गेलं आणि डावीकडे फोल्डरांची रांग एकेक करून उगवायला लागली. तिला हे काम मनापासून आवडायचं. रिकाम्या घरात सामान लावल्यासारखं वाटायचं.

मग तिने ब्राउझरमध्ये जुना मेल उघडला आणि नियमांच्या पानावर गेली. नियम म्हणजे दारावरचा पहारेकरी : अमक्याकडून आलं तर इथे ठेव, तमक्याकडून आलं तर तिथे. परिषदांचा नियम, अहवालांचा नियम. तिसऱ्या नियमाचं नाव होतं 'घर'.

त्यात दोन पत्ते होते. एक बाबांचा, एक तिचा. या पत्त्यांवरून मेल आला तर इनबॉक्समध्ये दाखवू नये. वाचलेला अशी खूण करावी आणि 'घर' या फोल्डरात टाकावा.

ताईने ते तीनदा वाचलं. मग नव्या प्रोग्रामात 'घर' फोल्डर उघडला. बाबांचे सगळे मेल तिथे होते. एकही वाटेत हरवला नव्हता. प्रत्येकावर पोचल्याची तारीख आणि वेळ होती, आणि ती बाबांनी पाठवल्याच्या वेळेपासून मिनिटभराच्या आतली होती. ऑपरेशनचा मेल होता. तिचे स्वतःचे निकराचे मेल होते. 'बाबा गेले' हा विषय लिहिलेला मेल होता, त्यावरही वाचलेला अशी खूण होती, आणि तो कुणी वाचलेला नव्हता.

ती उठली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली, परत येऊन बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. त्याऐवजी वर्षभर मान वाकवून चाललेल्या माणसाने अचानक पाठ सरळ करावी तसं झालं, आणि सरळ झालेल्या पाठीतून एक थंड, स्वच्छ राग वर चढत गेला. तिच्या हातून काही चुकलं नव्हतं. धाकट्याला ते कळायला एक फोल्डर उघडायचा अवकाश होता. तेवढीही तसदी न घेता त्याने एका वाक्याची काडी तिच्या डोक्यावर ठेवली होती आणि ती काडी तिने पहाडासारखी वाहिली होती.

जसेच्या तसे आण, तो म्हणाला होता. तिने आणले. परिषदांचा नियम, अहवालांचा नियम. मग 'घर' लिहिला : बाबांचा पत्ता, तिचा पत्ता. आणि खाली तिसरी ओळ जोडून तिने निवड समितीच्या सचिवांचा पत्ता घातला.

तिच्या खात्यात नियम असा, की कुठलंही काम तपासल्याशिवाय सोपवायचं नाही. ती बाबांच्या खोलीत गेली, त्यांचा जाडजूड संगणक सुरू केला आणि त्यांच्या खात्यातून धाकट्याला एक मेल केला. विषयात लिहिलं, "आलं का?" खाली काहीच लिहिलं नाही. टेबलापाशी परत आली तेव्हा लॅपटॉप गप्प होता. ना आवाज, ना खूण. मेल 'घर'मध्ये जाऊन पडला होता. काम चोख झालं होतं.

"झालं?" धाकट्याने येऊन विचारलं.

"झालं. सांगितलंस तसं."

"तू आहेस म्हणून." त्याने तिच्या खांद्यावर थाप मारली. त्या थापेने तिची उरलीसुरली चलबिचलही संपली.

पुढचे दिवस ताईने फार शांतपणे काढले. धाकटा सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी लॅपटॉप उघडायचा. जेवताना उठून बघून यायचा. पहिल्या आठवड्यात शीळ घालत बघायचा, दुसऱ्या आठवड्यात शीळ थांबली. नियमाची गंमत अशी की तो काम करत होता म्हणून काही दिसत नव्हतं. संध्याकाळी ताई घरी आली की तो दारापर्यंत यायचा.

"ताई, जरा बघतेस? येतायत ना सगळे मेल?"

ती बघायची. इतर सगळे येत होते. "येतायत की."

"मग हाच कसा आला नाही अजून?"

"वाट बघ," ती म्हणायची. "येईल."

हे तीन शब्द तोंडातून बाहेर पडताना तिला जे वाटायचं, त्याला सुख म्हणावं तर ते सुखच होतं. ती त्याच्याकडे नीट बघायची. नखं कुरतडणं, फोन हातात घेऊन पुन्हा खाली ठेवणं. "त्यांना फोन करून विचार ना," आई एकदा म्हणाली, तोवर तिलाही काहीतरी कळलं होतं. "मी कशाला विचारू? गरज त्यांना आहे," तो म्हणाला. सुंभ जळला तरी पीळ होताच. ताईने एक ओळ पुसली असती तर सगळं मिटलं असतं. लॅपटॉप दिवसभर टेबलावर उघडाच असायचा. ती रोज त्याच्या बाजूने ताट घेऊन जायची आणि पुसायची नाही. एकदोनदा हात थांबला. मग तिला उशाखालचं ते कागदपत्र आठवायचं, सहीची जागा कोरी असलेलं.

एका दुपारी धाकट्याला त्याच्या एका सहकाऱ्याचा फोन आला. सुट्टीचा दिवस होता, तिघंही घरी होती, आई टेबलापाशी शेंगा सोलत होती. धाकटा बोलता बोलता उभा राहिला, मग "हो का, हो का" म्हणत बसला. फोन ठेवून त्याने लगेच सचिवांना लावला. ते बोलणं दोनच मिनिटं चाललं.

"जागा दुसऱ्याला दिली," तो म्हणाला. "म्हणतात तीन वेळा मेल केला, तुमचा होकार आला नाही, तुम्हाला रस नाही असं समजलो." आणि मग तो ताईकडे वळला. "काय बसवलंयस तू ह्याच्यावर? मेल गिळलेत तुझ्या प्रोग्रामने. एक काम सांगितलं होतं तुला."

आईने शेंगा सोलायच्या थांबवल्या. "पुन्हा यंत्र बिघडलं का गं?"

"यंत्र चांगलं आहे, आई," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, इतका सपाट होता. "मेल पोचलेत. बाळ्या, डावीकडे बघ. 'घर' उघड."

त्याचा हात हलला नाही. त्या नावाने त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, तेव्हा ताईला कळलं की तो हा फोल्डर विसरलेला नव्हता; फक्त तिकडे बघत नव्हता, इतका, की नियम आणायला सांगताना तो ताईला दिसेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. मग त्याने उघडला. सर्वांत वर सचिवांचे तीन मेल. त्यांच्या खाली एक मेल बाबांच्या नावाने.

"हा बाबांचा..." तो चाचरला. "ही तारीख तर गेल्या महिन्यातली आहे."

"तो मी पाठवला. तपासायला. त्याच्या खाली त्यांच्या नावाचे आहेत ते सगळे त्यांचेच."

आई उठून त्याच्यामागे येऊन उभी राहिली होती. नवा चष्मा तिने कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "ह्यांचे मेल?" ती म्हणाली. "पोचले नव्हते ना?"

धाकट्याने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

"वाच," आई म्हणाली. "मला इतकं बारीक दिसत नाही. तू वाच."

"आई, नको."

"वाच म्हणते ना."

त्याने वाचायला सुरुवात केली. मेल आखूड होते, एका बोटाने लिहिलेले. आज जिना चढताना दोनदाच थांबलो. तुझ्या बोटीखालून मासे दिसतात का, की अंधारच असतो? ताई डब्यात रोज भाजी परत आणते, तिला कुणीतरी रागव. मग तो मेल आला. डॉक्टर म्हणतात तुम्ही ठरवा. ताई म्हणते करू या, मला भीती वाटते, पण तू म्हणशील तसं करतो. एका ओळीत लिहिलंस तरी चालेल. आणि त्यानंतरचा : कामात असशील, हरकत नाही, सही अजून केलेली नाही. धाकट्याचा आवाज इथे फुटला. त्याने पुढे वाचलं, आईने त्याला थांबू दिलं नाही.

सगळं संपल्यावर तो म्हणाला, "बाबांचा मेल दिसला की मला दिवसभर काम सुचायचं नाही. आपण इथे, ते तिकडे असं. म्हणून बाजूला ठेवत होतो. बंदराला लागल्यावर सगळे एकदम, निवांत वाचीन म्हणून." तो कुणाकडेच बघत नव्हता. "आणि मग आल्यावर ते उघडायची हिंमत नव्हती."

"मग पोचले नाहीत कशाला म्हणालास?" ताईने विचारलं. "वाचले नाहीत म्हणाला असतास. रडले असते, मारलं असतं तुला, विसरले असते. वर्षभर मी त्यांच्या संगणकात माझी चूक शोधत होते."

आईनेच पुढचा प्रश्न विचारला, ताईला. "आणि ह्याचे ते तीन मेल तिथे कसे गेले?"

"मी घातले."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

आईने दोघांकडे एकदा आळीपाळीने बघितलं. मग सोललेले दाणे आणि टरफलं एकाच भांड्यात लोटून ती आत निघून गेली. जाताना दाराशी म्हणाली, "एकाच तव्यावरच्या पोळ्या."

धाकट्याने रजा संपायच्या आधीच सामान बांधलं. सचिवांना त्याने लांबलचक मेल केला होता, त्यांचं सौजन्याचं उत्तर आलं, जागा गेली ती गेली. बोटीची पुढची फेरी ठरली होती, त्या फेरीवर तो निघाला. निघताना ताईशी बोलला नाही, पण टेबलावर एक नंबर ठेवून गेला. बोटीवर उपग्रहाचा एक फोन असतो आणि आठवड्यातून एकदा घरच्यांशी बोलता येतं, हे त्या घराला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

आई ताईशी आठवडाभर कामापुरतं बोलली. मग एकदा शेजारीण दाराशी आली असताना ती मध्येच, काही संबंध नसताना म्हणाली, "आमच्या ह्यांचं ते यंत्र बिघडलं नव्हतं हो. हिने चोख जोडलेलं होतं. पोरानेच बघितलं नाही." शेजारणीला काही उमगलं नाही. ताई आत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला, आणि त्या सगळ्या काळात पहिल्यांदा तिला रडू आलं.

धाकट्याने जे गमावलं त्याबद्दल आपल्याला कधीतरी वाईट वाटेल, असं तिने धरून ठेवलं होतं. ती त्याची वाटही बघायची, प्रामाणिकपणे. वाईट वाटलं नाही. फक्त राग होता तिथली जागा हळूहळू रिकामी झाली, आणि रिकाम्या जागेचं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

आता आठवड्यातून एकदा आई बोटीवर फोन लावते. लाटांच्या आवाजातून धाकट्याचा आवाज तुटक तुटक येतो. जेवलास का, थंडी आहे का, मासे दिसतात का, आई सगळं विचारते. शेवटी फोन पुढे करते आणि भुवयांनीच विचारते, बोलतेस? ताई मानेनेच नको म्हणते.

"ती कामात आहे रे," आई फोनमध्ये सांगते. ताई तिच्या समोरच्याच खुर्चीवर बसलेली असते.